मागणे आणि मान

मुलीला तिच्या मनातल्या महाविद्यालयात प्रवेश मिळतो. महाविद्यालय शुल्काचा काही भाग माफही करते. आणि तरीही उरलेली रक्कम घरच्या जमाखर्चात कोठेच बसत नाही. त्याच सुमारास दुसरे एक महाविद्यालय, जे तिच्या मनात कधीच नव्हते, जवळजवळ सगळे शुल्क सोडून द्यायला तयार असते. बेंगळुरूसारख्या विद्यापीठांची दाटी असलेल्या शहरात बदलीवर येऊन राहिलेल्या आपल्या मंडळींच्या घरांत दर उन्हाळ्यात हा पेच कोठे ना कोठे उभा राहतो. पहिल्या महाविद्यालयाला पत्र लिहून ‘आम्हांला आणखी साहाय्य करावे’ असे म्हणावे की म्हणू नये? पत्र लिहायला अर्धा तास पुरे. पण आठ-आठ दिवस ते लिहिले जात नाही. वडील म्हणतात, ‘बघू.’ आई काही म्हणत नाही. मुलगी दुसऱ्या महाविद्यालयाचेही काही गुण शोधून काढू लागते. ज्या माणसाने कचेरीत हजारो अर्ज निकालात काढले त्याला स्वतःचा एक अर्ज लिहिणे इतके जड का जावे, याचा थोडा विचार करण्यासारखा आहे.

न लिहिण्याचे कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: ‘आजवर कोणापुढे हात पसरला नाही.’ या वाक्यात अभिमान आहे आणि तो खोटा नाही. पण तो फार जुनाही नाही. मुंजीच्या दिवशीच बटूच्या हाती झोळी देऊन जो समाज त्याला भिक्षा मागायला लावतो, त्याला मागण्याची लाज मुळातच होती असे म्हणता येणार नाही. पुण्यात एके काळी कितीतरी मुले माधुकरी मागून, नाहीतर वार लावून शिकली. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात दिवसांची सात घरे. म्हैसूर मुलखातही हीच चाल होती. तिला तिकडे ‘वारान्न’ म्हणत. त्या चालीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. ती दारे बहुधा एकाच जातीच्या मुलांना उघडी होती, आणि उघड्या दारांतही शिळेपाके वाढणारे हात होतेच. तथापि त्या मागण्याला एक आकार होता. काय मागायचे, किती मागायचे आणि कशासाठी मागायचे हे वाढणारीला ठाऊक असे आणि जेवणाऱ्यालाही ठाऊक असे. शिकून झाले की वार संपत.

लाज आली ती पगाराबरोबर. महिन्याच्या ठरल्या दिवशी ठरलेली रक्कम घरात येऊ लागली, आणि पगारदार माणसाची सारी इभ्रत ‘माझे भागते’ या दोन शब्दांवर उभी राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याचे अर्थशास्त्र झाले. ही इभ्रत मी तुच्छ मानीत नाही. प्रामाणिक कारकून पुष्कळदा तिच्याच बळावर टेबलाखालचा पैसा नाकारीत असतो. परंतु तिने एक घोटाळा करून ठेवला. मागणे आणि मिंधे होणे या दोन वेगळ्या गोष्टी तिने एकच करून टाकल्या.

देणे देऊन झाल्यावरही ज्याच्या मानेवर देणाऱ्याचा हात राहतो तो मिंधा. हा हात राहू नये म्हणून देण्याच्या रीतीत काय करता येते, याचा विचार आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीच झाला आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी जो निधी स्थापन केला तो दानाचा नव्हता, कर्जाचा होता. शिकून आलेल्याने रक्कम परत करायची आणि तीच पुढच्याच्या उपयोगी पडायची, अशी योजना. त्या निधीचा लाभ पहिल्यांदा घेणाऱ्या दोघी स्त्रिया होत्या: फ्रेनी कामा आणि आपल्या कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. दोघी डॉक्टर झाल्या. त्यांना कोणी मिंध्या म्हटल्याचे ऐकिवात नाही. याच दात्याच्या कल्पनेतून, म्हैसूर दरबारने दिलेल्या ३७१ एकर जमिनीवर, १९०९ साली बेंगळुरूची विज्ञानसंस्था स्थापन झाली. तिचे ऋण तर अवघ्या देशावर आहे.

या शहरात ज्यांचे नाव पदोपदी भेटते त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटावे. लहान वयात वडील गेले. बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागवला आणि १८८१ साली बी.ए. केले. पुढे अभियांत्रिकीसाठी ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले, ते म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर. १८८३ साली परीक्षा झाली. १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी लागली आणि नाशिक, खानदेश, पुणे अशा बदल्या सुरू झाल्या. आज आपण जसे कन्नड मुलखात राहतो तसा हा माणूस जवळजवळ पाव शतक मुंबई इलाख्यात राहिला; खडकवासल्याच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे बसवले ते त्यानेच. १९०९ साली ते म्हैसूरला मुख्य अभियंता म्हणून परतले, १९१२ साली दिवाण झाले. त्यांच्याच कारकिर्दीत १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ आणि १९१७ साली बेंगळुरूचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. तरुणपणी घेतलेल्या शिष्यवृत्तीने त्यांची मान खाली गेली, असे म्हणायला कोणी धजेल काय?

परंतु मिळालेले साहाय्य घेणे वेगळे आणि ‘हे पुरत नाही, आणखी द्या’ असे म्हणणे वेगळे. लाज खरी तिथे आहे. एकदा उपकार झाला, आता पुन्हा तोंड उघडायचे म्हणजे कृतघ्नपणा, असे आपल्याला वाटते. या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातली एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची असा करार होता. १९१६ साली ते लंडनला गेले. अभ्यास अजून संपायचा होता, म्हणून त्यांनी मुदतवाढ मागितली. अखेर मुदत संपली आणि १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज, एवढ्या तिहेरी आधारावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. होऊन आले. स्वाभिमानाचा धडा ज्याने लक्षावधी लोकांना दिला त्या पुरुषाने मुदतवाढ मागताना कमीपणा मानला नाही. त्यांची मागणी कामाला धरून होती. अमुक ग्रंथ वाचायचे राहिले आहेत, अमुक प्रबंध पुरा व्हायचा आहे, त्याला इतका काळ लागेल, असा तो हिशेब होता. अशा मागणीने देणाऱ्याचा अपमान होत नाही. उलट दिलेले वाया जाऊ नये म्हणूनच ती केलेली असते.

लाज एकदा गेली की पुष्कळांचे पाऊल थेट पलीकडच्या टोकावर पडते. मग ते मागत नाहीत, बजावतात. आमची मुलगी गुणवान आहे, तिला पूर्ण शुल्कमाफी मिळालीच पाहिजे! इथे मला याच शहरातली १९३३ सालची एक घटना आठवते. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, मुंबईची पदवी घेऊन विज्ञानसंस्थेत प्रवेश मागायला आल्या तेव्हा संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना नाकारले. त्या हटल्या नाहीत. बेंगळुरूत येऊन त्यांनी कारण विचारले आणि अखेर एक वर्ष कसोटीवर राहण्याची जाचक अट पत्करून प्रवेश मिळवला. तिथे प्रश्न हक्काचा होता. पात्रता असून दार बंद होते, आणि बंद दारासमोर आग्रहच शोभतो. अर्थसाहाय्याचे तसे नाही. दार उघडे आहे. प्रश्न आतल्या थैलीचा आहे, आणि ती थैली मोजकी आहे.

मोजकी आहे म्हणूनच हा नीतीचा प्रश्न होतो. आपल्याला वाढवून मिळालेले पन्नास हजार आकाशातून पडत नाहीत. ते कोणाच्या तरी वाट्यातून येतात, आणि तो कोणी आपल्याला कधी दिसत नाही. तो रायचूरकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा असेल किंवा गडचिरोलीच्या आश्रमशाळेतून आलेली मुलगी असेल. कचेरीत बसून आपण अर्जदारांमधला अग्रक्रम ठरवतो तेव्हा हे आपल्याला पक्के कळते. एकाची ओळ वर गेली की दुसऱ्याची खाली जाते. स्वतःचा अर्ज लिहिताना मात्र कागदावर आपण एकटेच असतो.

म्हणून मला एक कसोटी सुचते. आपण जो जमाखर्च महाविद्यालयाला कळवणार तो त्या रायचूरच्या बापासमोर मोठ्याने वाचून दाखवता येईल काय? वाचता येईल तर पत्र खुशाल लिहावे. गावी अंथरुणाला खिळलेल्या आईचे औषधपाणी, बदलीमुळे चालवावे लागणारे दोन संसार, बहिणीच्या लग्नासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता, या ओळी वाचताना आवाज अडखळणार नाही. पण पुण्यात भाड्याने दिलेल्या दुसऱ्या सदनिकेचा हप्ता? तो आपण ‘खर्च’ या सदरात घालतो. त्या बापाला तो खर्च वाटेल काय? आपल्या वर्गातली पुष्कळ ओढगस्त ही अशी, उद्याच्या मालमत्तेसाठी आज सोसलेली असते. ती खोटी नसते. तिची झळ बसतेच. परंतु तिचा भार दुसऱ्याच्या मुलाने का उचलावा, याला माझ्याजवळ उत्तर नाही. भविष्यनिर्वाह निधीतून काही काढता येत असेल आणि म्हातारपणासाठी ते काढायचे नसेल, तर तेही पत्रात मोकळेपणी लिहावे. तोलणाऱ्याला तोलू द्यावे.

आणि तोलणाऱ्याला साधने फार थोडी असतात, हे आपल्याइतके कोणाला माहीत असणार? नियमाला कोठे तरी रेघ ओढावीच लागते. भारतीय तंत्रविज्ञान संस्थांनी २०१६ साली पदवीचे वार्षिक शिक्षणशुल्क नव्वद हजारांवरून दोन लाखांवर नेले तेव्हा एक लाखाच्या आतील उत्पन्नाला पूर्ण माफी आणि एक ते पाच लाखांना दोन-तृतीयांश माफी, अशी रेघ ओढली. केंद्र सरकारने २०१९ साली आर्थिक दुर्बलांसाठी राखीव जागा ठेवल्या तेव्हा कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आठ लाख केली. रेघेच्या एका बाजूला साडेसात लाखांचा माणूस, दुसऱ्या बाजूला साडेआठ लाखांचा. बेंगळुरूतील अझीम प्रेमजी विद्यापीठासारखी जी विद्यापीठे कुटुंबाची गरज पाहून साहाय्य ठरवतात त्यांनाही ती गरज कागदांवरूनच पाहावी लागते, आणि कागद नेहमी गेल्या वर्षाचा असतो. जो अधिकारी मुलीच्या दुसऱ्या वर्षात सेवानिवृत्त होणार आहे त्याचे विवरणपत्र त्याच्या नोकरीतला सर्वांत मोठा पगार दाखवते. निवृत्तिवेतन त्याच्या निम्मे होईल हे त्यात कोठेच नसते. पगारातून कापला जाणारा हप्ता कोणत्या संकटाचा आहे हे उत्पन्नाचा दाखला सांगत नाही. महाविद्यालयाने कमी दिले ते कंजूषपणाने दिले असे मानण्याचे कारण नाही. त्याला जेवढे दिसले तेवढे त्याने मोजले.

अशा वेळी गप्प बसणे हा त्याग आहे असे आपण स्वतःला सांगतो. ‘आपल्याहून गरजू कोणी असेल, त्याला मिळो.’ ऐकायला चांगले आहे. पण आपण सोडलेले त्या गरजूला जाते याची खात्री काय? ते बहुधा जो अधिक मोठ्याने मागतो त्याला जाते. संकोची माणसे गप्प राहिली की कचेरीसमोर फक्त धीट माणसांचे कागद उरतात, आणि कितीही न्यायी अधिकारी असला तरी न आलेल्या अर्जाला तो न्याय देऊ शकत नाही. शिवाय या मौनाची किंमत कोण देते? अभिमान बापाचा, आणि चार वर्षे नको त्या ठिकाणी काढायची मुलीने! तिला कोणी विचारलेले नसते. तिने ते न सांगता समजून घेतलेले असते, हे तर अधिकच वाईट.

आता दुसऱ्या महाविद्यालयाच्या देकाराविषयी. पहिल्याला लिहिताना त्याचा उल्लेख करावा काय? ‘तिकडे पूर्ण माफी मिळते, तुम्ही किती देता बोला’ हा बाजार झाला, आणि अशा बाजाराची गंमत अशी की तो गरजेकडे पाहतच नाही. ज्याला चार महाविद्यालये बोलावतात त्याच्यासाठी बोली चढते; ज्याला एकच बोलावते तो हातात असेल ते घेतो. हा वाद अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला होता. हार्वर्ड, येल आदी आठ विद्यापीठे आणि मॅसॅच्युसेट्सची तंत्रविज्ञान संस्था यांनी आपसांत ठरवले होते की, एकाच विद्यार्थ्याला अनेकांनी बोलावले तर त्याची गरज सर्वांनी मिळून ठरवायची, म्हणजे पैशाच्या चढाओढीने तो ओढला जाणार नाही आणि निधी गरजूंसाठी उरेल. अमेरिकी सरकारने १९९१ साली त्यांच्यावर खटला भरला: ही संगनमताची किंमतबंदी आहे, विद्यार्थ्याला चढाओढीचा लाभ मिळालाच पाहिजे. आठ विद्यापीठांनी माघार घेतली. तंत्रविज्ञान संस्था लढत राहिली आणि १९९३ साली तडजोड झाली. दोन्ही पक्षांत तथ्य होते असे मला वाटते, आणि अशा वादांत बहुधा तसेच असते. आपल्यापुरते पाहायचे तर दुसऱ्या देकाराची हकीकत खरी असेल तर ती कळवण्यात गैर काही नाही. एकाच घराची गरज दोन ठिकाणी दोन प्रकारे मोजली गेली आहे, तर पुन्हा एकदा मोजून पाहावी, एवढेच त्यातून म्हणायचे. मुलगी तिथे जाणारच नाही हे घरात ठरलेले असताना ‘न दिल्यास नाइलाजाने तिकडे जावे लागेल’ असे लिहिणे मात्र खोटे आहे. सभ्य मराठी माणूसही असे वाक्य सहज लिहून जातो, कारण त्याला ते व्यवहारचातुर्य वाटते.

याहून अवघड मोह आणखी एक आहे, आणि तो खास आपल्या वर्गाचा आहे. पत्र कोणत्या कागदावर लिहायचे? वर राजमुद्रा असलेला, खाली हुद्दा छापलेला कागद टेबलाच्या खणात असतोच. कुलसचिव कोठल्या तरी बैठकीत भेटलेले असतात. एक दूरध्वनी केला तर ओळख निघते. कोणी म्हणेल, यात मागितले काय? फक्त ‘जरा लक्ष घाला’ म्हटले. पण ‘जरा लक्ष घाला’ या तीन शब्दांचा अर्थ सरकारी नोकरीत राहिलेल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या क्षणी हुद्दा पत्रात शिरतो त्या क्षणी तो रायचूरचा बाप हरलेला असतो, आणि आपली गरज खरी असली तरी तो न्यायाने हरलेला नसतो. शिवाय असे मिळालेले साहाय्यच माणसाला मिंधे करते. उद्या त्या संस्थेची एखादी फाइल आपल्या टेबलावर आली म्हणजे ते कळते. विश्वेश्वरय्यांनी दिवाणपद स्वीकारण्यापूर्वी नातलगांना जेवायला बोलावून, माझ्याकडून कोणी कसलीही शिफारस मागणार नसाल तरच हे पद घेतो, असे सांगितल्याची गोष्ट या मुलखात सांगतात. सरकारी कामाची मेणबत्ती वेगळी आणि खाजगी वाचनाची वेगळी, ही त्यांची दुसरी गोष्टही सर्वतोमुखी आहे. या गोष्टींत दंतकथेचा भाग किती, ते असो. स्वतः शिष्यवृत्तीवर शिकलेल्या माणसाविषयी लोकांनी नेमक्या याच गोष्टी जपल्या, हे मला अर्थपूर्ण वाटते.

तेव्हा पत्र साध्या कागदावर लिहावे, आणि शक्य तर ते मुलीनेच लिहावे. अठरा वर्षांच्या मुलीला बापाचा पगार, घरावरचे कर्ज आणि आजीच्या औषधांचा खर्च या वयात कशाला कळायला हवा, असे काही आयांना वाटते. मला उलट वाटते. तिच्यासाठी जे मागितले जाते ते किती आहे आणि का आहे हे तिलाच ठाऊक नसेल तर उद्या ती ते दुसऱ्याला देताना कशाच्या मापाने देणार? तिने लिहावे: एवढे मिळाले याबद्दल आभारी आहे, घरची स्थिती अशी आहे, हे कागद सोबत आहेत, पुढच्या वर्षी उत्पन्नात हा बदल होणार आहे, इतके कमी पडते, इथेच का शिकायचे आहे ते असे. आणि त्या ‘इतके’ च्या जागी आकडा असावा. ‘यथाशक्ती’, ‘सहानुभूतिपूर्वक’ हे शब्द आपण कचेरीत फार वाचले आहेत; त्यांनी कोणतीही टिप्पणी पुढे सरकत नाही.

उत्तर नकाराचेही येईल. पुष्कळदा तसेच येते. मग आकडे पुन्हा मांडावेत, कर्ज काढून पेलेल काय ते घरात सर्वांनी बसून पाहावे, आणि पेलणार नसेल तर दुसऱ्या महाविद्यालयात जावे. तसे ठरले की पहिल्या महाविद्यालयाला त्याच दिवशी कळवावे. आपण मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत जागा अडवून ठेवतो, कदाचित मन बदलेल म्हणून. आणि तेवढे दिवस आपल्या नावावर धरून ठेवलेली ती अपुरी शुल्कमाफी प्रतीक्षायादीवरच्या कोणाला देता येत नाही. त्या घरीही एक जमाखर्च मांडलेला असतो आणि कोणी तरी ‘बघू’ म्हणत असते.